खोडायचं राहिलेलं वाक्य

फाल्गुन अर्धा सरला की आमच्या परड्यात काजूची बोंडं पिकून गळायला लागतात. सकाळी मागचं दार उघडलं की आधी तो वास आत येतो आणि मग उजेड. गोड, आंबूस, घशाला किंचित खाजवणारा वास. मुंबईहून आलेली माणसं परड्यात उभी राहून छाती भरून तो घेतात आणि म्हणतात, ह्याच्यासाठी तर येतो आम्ही. मी त्यांच्या हातात चहाचा कप देते आणि हसते. मग मागचं दार लोटून घेते. ह्या दिवसांत वारा पडलेला असतो, समुद्र सपाट आणि मुका होऊन बसतो, दुपारी माडांची झावळंही हलत नाहीत. इतक्या वर्षांनंतरही मी ह्या दिवसांत घरातल्या पोरांच्या कपाळाला येता-जाता हात लावून बघते. ताप नाही ना? मुलं हात झटकतात, सुना एकमेकींकडे बघून हसतात. देवीचा रोग आता जगात उरलेला नाही, हे मला सगळ्यांनी समजावून झालंय. मलाही ते ठाऊक आहे. पण फाल्गुन आला की ते ठाऊक असण्याचा काही उपयोग होत नाही.

पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी बावीस वर्षांची होते आणि गावच्या शाळेत बालवर्गाला शिकवत होते. गाव मालवणच्या दक्षिणेला, खाडी समुद्राला मिळते तिथलं. वरची वाडी माडांची आणि शेताची, खालची वाडी वाळूवरची, होड्यांची, सुकत घातलेल्या जाळ्यांची. शाळा दोन्हींच्या मधोमध. वरच्या वाडीतली आणि खालच्या वाडीतली पोरं एकाच ओसरीवर पाढे म्हणायची. मला निबंध बरे लिहिता येत. ट्रेनिंगला असताना दोनदा बक्षीस मिळालं होतं, आणि आमच्या हेडमास्तरांनी ते गावभर केलं होतं. हेडमास्तर मराठी भाषेवर जीव टाकणारे. पोरांनी ‘पाणी’ऐवजी ‘जल’ लिहिलं तर अर्धा गुण वाढवून द्यायचे.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी मालवणला लागलेल्या आगबोटीतून एक चाकरमानी उतरला आणि खाडीपलीकडच्या आपल्या गावी गेला. तापाने फणफणलेला होता. घरच्यांना वाटलं बोट लागली असेल. तिसऱ्या दिवशी कपाळावर पुरळ उठलं. बातमी खाडी ओलांडून अलीकडे आली ती कुजबुजत. कुणी ‘रोग’ म्हणत नव्हतं. बायका नुसतं म्हणायच्या, ‘थंय इली हा.’ तिथे आली आहे. कोण आली आहे, ते सांगावं लागत नव्हतं. शिमग्याचे खेळे दारोदार फिरले, पण ढोल वाजत असतानाही लोक एकमेकांच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ बघायचे. मी पोरांच्या पाटीवर वाकून अक्षरं सुधारायची, तेव्हा डोळे अक्षरांवर नसायचे, पोरांच्या मनगटांवर असायचे.

मग देवीडॉक्टर आले. डॉक्टर म्हणायची पद्धत एवढंच, देवी टोचणारा सरकारी माणूस तो. पन्नाशी उलटलेले, काटकुळे, उन्हाने रापलेले. पायी चालत आले होते, हातात पत्र्याची पेटी. शाळेच्या ओसरीवर त्यांनी टेबल मांडलं. दोन दिवस बसून राहिले. वरच्या वाडीतली थोडी घरं आली, खालच्या वाडीतलं एकही माणूस फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते हेडमास्तरांना म्हणाले, “मास्तर, मी बोललो की लोकांना सरकार बोलल्यासारखं वाटतं. गावातलं कुणीतरी सांगितलं पाहिजे. चार माणसांत वाचून दाखवता येईल असं काही लिहून द्याल का?”

हेडमास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. “आमच्या बाई लिहितील. बक्षीसपात्र लेखणी आहे.”

मी मान डोलावली. आणि माझा उजवा हात आपोआप डाव्या दंडावर गेला, हे मला अजून आठवतं. कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं मी घालायची. उन्हाळ्यातसुद्धा.

पहिला लेख मी एका संध्याकाळी लिहून काढला. ‘सुज्ञ ग्रामबंधू-भगिनींनो, आरोग्यरूपी अमूल्य रत्नाची उपेक्षा करून आपण अज्ञानाच्या गर्तेत किती काळ खितपत पडणार?’ अशी सुरुवात होती. हेडमास्तरांनी सकाळी त्यावर लाल शाई फिरवली. मी एके ठिकाणी ‘टोचून घ्या’ लिहिलं होतं. त्यांनी ते खोडून ‘लसप्रयोगाचा अंगीकार करावा’ असं केलं. मला ते आवडलं. खरं सांगायचं तर लिहिताना समोर खालच्या वाडीतलं एकही माणूस नव्हतं. समोर होते ट्रेनिंग कॉलेजातले परीक्षक.

ग्रामदेवीच्या सभामंडपात मी तो वाचला. माणसं बरीच जमली होती. कुणी हललं नाही, कुणी खोकलं नाही. मला वाटलं, भिडतंय. शेवटी एका म्हाताऱ्याने हात जोडले आणि म्हणाला, “बरां वाचलास बाये.” दुसऱ्या दिवशी ओसरीवर देवीडॉक्टर आणि त्यांची पेटी, दोघंच होते.

त्याच दिवशी सकाळी भागीकाकी मासे घेऊन आमच्या दारात आली होती. खालच्या वाडीतली ही बाई रोज डोक्यावर पाटी घेऊन वर यायची. तिची नात सुमी माझ्या बालवर्गात होती. सुमीची आई बाळंतपणात गेलेली, बाप मुंबईला गोदीत. आजी आणि नात, एवढंच घर. भागीकाकीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. पाऊस शिंपडून गेल्यावर वाळूवर खळगे उठतात, तसे. लहानपणी आलेल्या देवींतून ती वाचली होती. तिच्या पाठचे दोघे भाऊ वाचले नव्हते.

पाटी उतरवत तिने विचारलं, “काल देवळात तू काय वाचलंस गो?”

“देवी टोचून घ्यायचं होतं त्यात, काकी.”

“असां?” ती खरोखर चकित झाली. “माका वाटला खंयचोतरी मोठो माणूस मेलो, तेचां भाषण. सगळी गप बसलेली, म्हणान मीय गप बसलंय.”

मी हसले. ती गेल्यावर मात्र हसू आलं नाही. खाडीपलीकडे आणखी दोघांना पुरळ उठल्याचं ती जाता जाता सांगून गेली होती.

देवीडॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “बाई, देवीचा रोगी बघितलाय कधी?” मी नाही म्हटलं. “मग लिहिलंत कशाच्या जोरावर? चला उद्या माझ्याबरोबर. लांबूनच बघा. तुम्ही तर टोचलेल्या असणारच.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी होडीत बसले आणि खाडी पार होईपर्यंत पाण्याकडे बघत राहिले. भरतीचं पाणी होतं, हिरवट, जड. पलीकडच्या वाडीत कोंबडी नव्हती, पोर नव्हतं. त्या घराच्या दारावर कडुनिंबाचे डहाळे बांधलेले. देवीडॉक्टर आत गेले. मी अंगणात, तुळशीच्याही मागे उभी राहिले. तिथूनही वास आला. तो कसा होता हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. दारातून केळीच्या पानावर निजवलेला माणूस दिसला. त्याची आई डहाळीने वारा घालत होती. त्याचे डोळे सुजून मिटले होते. माणसाची चाहूल लागून त्याने मान वळवली आणि विचारलं, “कोण इला?”

आवाज अगदी साधा होता. घरी पाहुणा आल्यावर विचारतात तसा. मी पळाले. वाळूतून, काट्यांतून, थेट होडीत जाऊन बसले आणि पदराने तोंड दाबून धरलं.

दुसरा लेख मी त्या भीतीत लिहिला. परीक्षक कुठल्या कुठे गेले. मी जे बघितलं ते लिहिलं. मिटलेले डोळे, केळीचं पान, दारावरचे डहाळे. लहान वाक्यं, घरात बोलतो तसे शब्द. लिहिता लिहिता एक वाक्य हातून उतरलं: ‘ज्या घरात देवी शिरली, त्या घराची सावलीसुद्धा अंगावर घेऊ नका.’ लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. अंगावर काटा आला. चांगल्या वाक्याने काटा येतो असं आम्हाला शिकवलं होतं, त्यामुळे मी ते ठेवलं. हेडमास्तरांनी वाचलं आणि टेबलावर थाप मारली. “वा! सोन्याचं वाक्य आहे, बाई!” ह्या खेपेला त्यांनी लाल शाई उघडलीच नाही. स्वतःच्या सुबक अक्षरात एक नक्कल करून घेतली. कशाला, ते मी विचारलं नाही.

हा लेख देवळात नाही वाचला. किनाऱ्यावर वाचला. सकाळी रापण ओढायचं काम चालतं, समुद्रात टाकलेलं लांबच लांब जाळं सगळी वाडी मिळून किनाऱ्यावर ओढून घेते. जाळं वर आलं, मासळी वाटून झाली, आणि माणसं दम खात वाळूवर बसली, तेव्हा मी उभी राहिले. चौथ्या-पाचव्या वाक्याला एका बाईने आपलं पोर ओढून पदराखाली घेतलं. सावलीच्या वाक्याला एक तरणाबांड माणूस उठून दोन पावलं बाजूला सरकला, कारण शेजाऱ्याची सावली त्याच्या पायांवर पडत होती. मी ते बघितलं. आणि मला आनंद झाला. लाज वाटते लिहायला, पण झाला. माझ्या शब्दाने माणूस जागचा हलला, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर रांग लागली. देवीडॉक्टर दुपारपर्यंत मान वर करू शकले नाहीत. टोकाला बारीक दाते असलेली एक सळई ते दंडावर टेकवायचे आणि पिळायचे. पोरं किंचाळायची. हेडमास्तर रांगेच्या कडेने हात मागे बांधून फिरत होते. मी नावं लिहून घेत होते. कुणीतरी विचारलं, “बाये, तुमी टोचून घेतलास?” मी “कधीच” म्हटलं. त्या शब्दाचे दोन अर्थ होतात. विचारणाऱ्याने आपल्याला हवा तो घेतला.

तिसऱ्या दिवशी देवीडॉक्टर पेटी आवरताना म्हणाले, “बाई, रांग लागली खरी. पण ताप आलेलं एकही पोर कुणी दाखवलेलं नाही. खाडीपलीकडे चार घरांत देवी, आणि इथे साधा तापही कुणाला नाही? मला हे बरं लक्षण वाटत नाही.”

मी दोन दिवस बरोबर हेच न बघण्याचा प्रयत्न करत होते. बालवर्गात सुमी नव्हती. भागीकाकी दारात आली नव्हती. वर्गात सुमीची पाटी कोपऱ्यात होती, त्यावर तिने काढलेला अर्धा ‘ग’.

दुपारी शाळा सुटल्यावर मी खालच्या वाडीत गेले. वाडी मला नेहमी लांबूनच कळायची, मासे तळल्याच्या वासावरून. त्या दिवशी वाळूत उतरेपर्यंत वास आला नाही. एका घराशी आला, दुसऱ्याशी आला, मग तीन घरं ओळीने काहीच नाही. मी मधेच थांबले. घरात देवी आल्या की फोडणी देत नाहीत, तळण करत नाहीत, देवीला ते सोसत नाही म्हणून. आमच्या भागात हे लहान पोरालाही ठाऊक असतं. माझ्यासमोर तीन घरं होती आणि तिन्ही चुली मुक्या होत्या.

भागीकाकीच्या घराला कडी होती. मागच्या बाजूला जाळी ठेवायची खोप होती, तिच्या दारात ती बसली होती. मला बघून उठली आणि दार अडवून उभी राहिली.

“सुमी शाळेत आली नाही,” मी म्हटलं.

“मामाकडे गेला चेडू.”

खोपीतून खोकला आला. बारीक, कोरडा.

“काकी, डॉक्टरांना का नाही सांगितलंस?”

“कित्याक सांगू?” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “तूच वाचलंस मगे वाळूत उभी रवान. सावली घेव नको. माका विहिरीर पाणी भरूक देतले? होडयेत घेतले? ह्या तापलेल्या पोराक घेवन मी खंय जाव? तूच सांग.”

डोक्यात फक्त ते वाक्य वाजत होतं, माझ्याच आवाजात.

ती बाजूला झाली. “ये. बग तुज्या शाळेतल्या चेडवाक.”

आणि मी जागची हलले नाही. उंबऱ्यापासून दोन हातांवर पाय रोवून उभी राहिले. आतून सुमीने आवाज ओळखला. “बाय इली?” ती म्हणाली. तरी मी हलले नाही. भागीकाकीने माझ्या पायांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. मग पुढे होऊन तिने माझी डावी बाही वर सारली. दंड कोरा होता.

“ह्यां काय गो?” ती एवढंच म्हणाली.

मी सहा वर्षांची असताना असाच एक देवीडॉक्टर शाळेत आला होता. माझ्या पुढच्या मुलीची किंकाळी ऐकून मी मागच्या खिडकीतून उडी मारली आणि काजूच्या बागेत जाऊन लपले. दिवसभर तिथे बसून होते, कुजणाऱ्या बोंडांच्या वासात, मुंग्या चावत असताना. संध्याकाळी घरी आले तेव्हा कुणाला काही कळलेलंच नव्हतं. शाळेच्या वहीत माझ्या नावापुढे ‘देवी काढल्या’ असं लिहून झालं होतं. पुढे त्या वहीवरून दाखला मिळाला, दाखल्यावरून ट्रेनिंग, ट्रेनिंगवरून नोकरी. कागदावर मी सुरक्षित होते. सोळा वर्षं मी लांब बाह्यांत तो कोरा दंड लपवून फिरत होते, आणि गावाला निर्भय होण्याचा उपदेश करत होते. लोकांना माझ्या लेखात काय खटकतंय ते मी शब्दांत शोधत होते. खटकायला हवं होतं ते माझ्या पोलक्याच्या बाहीखाली होतं.

त्या दुपारी मी परत शाळेत गेले. देवीडॉक्टर पेटी घेऊन निघण्याच्या बेतात होते. मी बाही वर केली. त्यांनी दंड बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि एकच प्रश्न विचारला, “त्या दिवशी होडीत का नाही बोललात?”

“भीती वाटली.”

“सुईची?”

“सगळ्याचीच.”

त्यांनी पेटी उघडली. मी किंचाळले. बावीस वर्षांची बाई, शाळेच्या ओसरीवर, दोन-तीन पोरं बघत असताना किंचाळले. मग मी त्यांना सुमीबद्दल सांगितलं.

पुढचे चौदा दिवस मी घरात वेगळ्या खोलीत राहिले, ताट वेगळं, अंथरूण वेगळं, बाहेर पडले तरी माणसांपासून लांब. देवीडॉक्टर म्हणाले होते, वेळेत टोचलंय, बहुतेक निभावेल. ‘बहुतेक’ ह्या शब्दाला केवढी जागा असते ते मला त्या दिवसांत कळलं. सकाळी जाग आली की डोळे न उघडता आधी कपाळाला हात लावायचा. मग हातांची पालथी बाजू. मग आरसा. डास चावला तरी पुन्हा आरशाकडे धावायचं.

पण लेख टोचलेल्याच संध्याकाळी पुन्हा लिहायला घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घेऊन भागीकाकीच्या खोपीसमोर वाळूत, दहा हातांवर बसले. ती दारात, सुमीचं डोकं मांडीवर. मी एकेक ओळ वाचायची आणि ती सांगायची. सावलीचं वाक्य मी आधीच खोडलं होतं. एका रेघेने समाधान होईना म्हणून दौत तिरकी करून त्यावर शाई सांडली होती.

“रोग म्हणा नको,” भागीकाकी म्हणाली. “देवी म्हण. तिका गाळी दिलंस तर कोण आयकाचा नाय.”

“मग टोचून का घ्यायचं ते कसं सांगू?”

तिने सुमीच्या कपाळावरची माशी हाकलली. “पावणी इली तर आमी तिका एक खोली दितंव. सगळां घर दितंव काय? तसां सांग.”

मी तसंच लिहिलं, दंडावर एक खोली दिली की देवी सगळं अंग मागत नाही. लिहिताना लक्षात आलं की तिचं बोलणं प्रमाण मराठीत उतरवताना मी त्यातलं काहीतरी सांडते आहे. मग मी सगळंच मालवणीत लिहिलं. आमची घरातली बोली तोवर मी कधीच कागदावर आणली नव्हती. त्या अक्षरांकडे बघून मलाच चोरी केल्यासारखं वाटलं. हेडमास्तरांनी कागद लांब धरून वाचला आणि म्हणाले, “बाई, ही भाषा? कागदावर? तो दुसरा मजकूर इतका चांगला असताना?” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मला त्यांचीही भीती वाटायची.

तिसरा लेख मी रापणीच्या जागीच वाचला, पण सगळ्यांपासून लांब, एका उलट्या घातलेल्या होडीशी उभी राहून. बाही दुमडलेली, दंड सुजून लाल. वाचलं ते साधारण असं होतं: ‘मी शाळेतली बाय. मी भित्री आसंय. सा वर्सांची असताना भियान पळालंय आणि कालपर्यंत टोचून घेवक नाय. तुमका खोटां सांगलंय. काल टोचून घेतलंय. दुखता. पण मी हय उभी आसंय. त्या दिवशी मी सांगलंय सावली घेव नको. तां चुकला. पोर लपवू नको. लपवलेल्या पोराक पाणी कोण देतलो? जेंच्या तोंडार वण आसत तेंका देवी परत धरणा नाय. तेंका आत जावंदे. बाकीच्यांनी पेज दारात ठेवा आणि हाक मारा.’

मला वाटलं, आता दगड येईल. मग गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. चेहरा वणांनी भरलेला, एक कान दुमडलेला. लग्नात-बारशात जो नेहमी मागच्या ओळीत बसायचा, तो. “माजां चलात काय?” त्याने विचारलं. “मी जातंय आत. खंय जावचा सांगा.”

त्या दिवशी दुपारपर्यंत पाच घरांनी दारं उघडली.

सुमी वाचली. डाव्या डोळ्यात फूल पडलं, त्या डोळ्याने तिला पुढे कधी दिसलं नाही. पुढच्या वर्षी ती शाळेत आली तेव्हा मान जराशी वळवून पाटीवर लिहायची, आणि मी तिच्या उजव्या बाजूला बसायला शिकले. भागीकाकीने मला कधी दोष दिला नाही. पुन्हा मासे द्यायला येऊ लागली, दारात बसून चार गोष्टी सांगू लागली. पण त्या ओळीतल्या तिसऱ्या घरात, माळ्यावर जुन्या जाळ्यांआड, एक तान्हं बाळ लपवलेलं होतं. ते घर शेवटी उघडलं. फार उशिरा. त्याच्या आईने मोठ्या मुलाला त्यानंतर माझ्या वर्गात पाठवलं नाही. माझं वाक्य नसतं तर ते बाळ जगलं असतं का? देवीडॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. हेडमास्तर म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. देवीडॉक्टरांचं उत्तर मी आजवर बाळगून आहे.

ह्यानंतर एक-दोन वर्षांनी रत्नागिरीला शिक्षकांचं शिबिर होतं. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच. शिबिर आटोपून एस्टीने परत येत होते, राजापूर मागे पडलं आणि गाडी खारेपाटणच्या बाजारात थांबली. कंडक्टर म्हणाला, दहा मिनिटं. मी पाणी प्यायला उतरले. एका दुकानाच्या भिंतीवर उन्हाने पिवळा पडलेला छापील कागद चिकटवलेला होता. वर ठळक अक्षरांत ‘देवीपासून सावध!’ मी सहज वाचायला लागले. मिटलेले डोळे. केळीचं पान. दारावरचे डहाळे. चौकट करून, सगळ्यांत मोठ्या टाइपात: ‘ज्या घरात देवी शिरली, त्या घराची सावलीसुद्धा अंगावर घेऊ नका.’ खाली ‘एक ग्रामभगिनी.’

हेडमास्तरांनी ती नक्कल कुठे पाठवली होती ते तेव्हा कळलं. वाईट हेतूने नव्हे. त्यांना तो मजकूर खरोखर चांगला वाटला होता. मलाही वाटला होता.

मी पदर ओला केला आणि ते वाक्य घासायला लागले. खळ पक्की होती. अंबाड्यातला आकडा काढला आणि खरवडायला लागले. दुकानदार बाहेर आला.

“ओ बाई, काय करतास? सरकारी कागद आसा तो.”

“माझाच आहे,” मी म्हटलं. “मी लिहिलाय. त्यात चूक आहे.”

त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग त्याचा चेहरा उजळला. “तुमी लिवलास? अरे वा! बरां लिवलास हां. आमच्या वाडीत सगळ्यांका पाठ आसा तां.” आणि तिथेच, दुकानाच्या पायरीवर उभं राहून, त्याने ते वाक्य मला म्हणून दाखवलं. एकही शब्द चुकला नाही.

गाडीचा भोंगा वाजला. मी जागेवर जाऊन बसले, हातात तो वाकलेला आकडा. तळेऱ्याला गाडी थांबली तशी मी उतरले आणि थांब्याजवळच्या भिंतींवर तो कागद आहे का ते बघून आले. नांदगावला उतरले. कणकवलीला उतरले, तिथे बाजार मोठा, सगळ्या भिंती बघून होईनात, लोक गाडीतून हाका मारायला लागले. कसालला पुन्हा उठले तेव्हा कंडक्टरने दारात हात आडवा धरला.

“बाई, तुमका उतराचां तरी खंय आसा?”

मी त्याच्या हाताखालून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.